ईस्टरची सुट्टी २०२७ : वाईला जावं की इकडेच कुठेतरी फिरावं?

कंदीपेढा

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. २०२७चा ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे खूपच लवकर. आमच्या शाळेचा शेवटचा दिवस गुरुवार २५ मार्च आणि शाळा पुन्हा सुरू सोमवार १२ एप्रिलला. मधल्या दोन आठवड्यांचं काय करायचं, यावर घरात महिनाभर चर्चा चालू आहे आणि निर्णय होत नाही.

सासरे ७८ वर्षांचे आहेत, वाईला असतात. गेली दोन वर्षं आम्ही उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये गेलो. सतत पाऊस. ओले कपडे, बंद खिडक्या, मुलांना सर्दी. सासऱ्यांना घाटावर फिरायला जायची फार आवड, पण दोन्ही वेळा त्यांना नातवंडांना घेऊन कृष्णाकाठी नीट जाताच आलं नाही. नाताळात जायचं तर तिकिटं परवडत नाहीत. म्हणून ईस्टरचा विचार करतोय.

नवऱ्याचं म्हणणं, मुलं मोठी होत आहेत, एकदा तरी युरोप किंवा निदान स्कॉटलंड, लेक डिस्ट्रिक्ट असं काही दाखवू या. त्याचंही चूक नाही. मला तीन शंका आहेत. एप्रिलचं ऊन मुलांना सोसेल का? तिकडच्या चुलत भावंडांची तेव्हा शाळा असते, मग मुलं खेळणार कुणाशी? आणि शाळा संपायच्या आधी चार-पाच दिवस निघालं तर तिकिटात बरीच बचत दिसतेय, तसं कुणी केलं आहे का?

ज्यांनी ईस्टरला भारतवारी केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टेम्सकाठ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात पैसे जाऊ शकतात. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून दंडाचे नियम एकसारखे झाले आहेत. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाचा विचार होतो. दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड, तोही २१ दिवसांत भरला तर. नंतर १६०. तुम्ही दोघं आणि मुलं दोन, म्हणजे ३२० पौंड. तीन वर्षांत पुन्हा झालं तर थेट १६०, आणि तिसऱ्यांदा दंडावर भागत नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. तिकिटात वाचणारे पैसे असे निघून जातात.

पूर्वी लोक म्हणायचे, की एरवी हजेरी चांगली असेल तर चालतं. २०१७ मध्ये आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथे स्पष्ट झालं, की नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी. तेव्हापासून तो मुद्दा संपला.

आणखी एक. दोन्ही मुलं एकाच शाळेत आहेत का? नसतील तर दोन्ही शाळांची वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. अकॅडमी शाळा, म्हणजे कौन्सिलच्या हाताखाली नसलेल्या सरकारी शाळा, स्वतःच्या तारखा ठरवतात. काही कौन्सिल ईस्टर लवकर आला तरी सुट्टी एप्रिलमध्येच देतात, तेव्हा गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे एवढेच दिवस वेगळे मिळतात. माझ्या दोघींच्या शाळांमध्ये एका वर्षी एका आठवड्याचा फरक पडला आणि सामाईक सुट्टी एकच आठवडा उरली. तिकिटं काढून झाल्यावर कळलं. मोठीला मैत्रिणीकडे ठेवून आम्ही तिघं गेलो. विमानतळावरून तिला फोन केला तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. ते मला अजून टोचतं.

चैत्रपालवी

कंदीपेढा, तुझ्या तारखा वाचल्या आणि लगेच पंचांग उघडलं. २०२७चा गुढीपाडवा ७ एप्रिलला आहे, बुधवारी. तुझ्या सुट्टीच्या अगदी आत!

हे दरवर्षी होत नाही. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. ती पौर्णिमा कधी आपली होळीची असते, कधी चैत्री, हनुमान जयंतीची. २०२६ मध्ये ती चैत्री होती. हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ तारखेला. पण पाडवा १९ मार्चलाच होऊन गेला होता, शाळा चालू असताना. २०२६च्या अधिक ज्येष्ठामुळे पुढचे सण सगळे पुढे सरकले, त्यामुळे २०२७ मध्ये ईस्टर होळीच्या पौर्णिमेनंतर येतो आणि पाडवा त्याच्या दहा दिवसांनी. २०२५ला पाडवा ३० मार्चला होता, पण ईस्टर २० एप्रिलला, त्यामुळे बहुतेक शाळांची सुट्टी तेव्हा सुरूच झाली नव्हती.

म्हणून माझं मत सरळ आहे. लेक डिस्ट्रिक्ट पुढच्या वर्षीही तिथेच असेल. पाडवा सुट्टीत येण्याचा योग साधून घ्या.

कंदीपेढा

पाडव्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! खरंच मनापासून आभार.

दरवर्षी आम्ही इथे पाडव्याला सकाळी सातला गुढी उभारतो, कारण आठ वाजता शाळेला निघायचं असतं. पडद्याचा दांडा, त्यावर माझी पैठणी, त्यावर तांब्या. बाहेर उभारायला जागा नाही म्हणून खिडकीच्या आत. कडुनिंबाचा वाळलेला पाला लेस्टरहून आणून डब्यात ठेवला आहे. मुलीला वाटतं, गुढी ही घरातच, सोफ्याच्या मागे उभी करायची वस्तू असते. तिने अंगणातली, उंच वेळूची, वाऱ्यावर हलणारी गुढी कधी पाहिलेलीच नाही.

टेम्सकाठ, दोघं एकाच शाळेत आहेत, सुदैवाने. आणि लवकर निघण्याचा विचार आता सोडला.

कॅटबेल्स

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आम्ही चार वर्षं सलग ईस्टरला इथेच फिरलो आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. भारतात जाऊन आलं की आम्हाला विश्रांतीसाठी दुसरी सुट्टी लागायची. इथे तसं होत नाही.

लेक डिस्ट्रिक्ट करायचं तर केसिक धरा. गाडी नसेल तरी चालतं. ऑक्सनहोमला रेल्वे बदलून विंडरमियर, तिथून ५५५ नंबरची बस थेट केसिकला. ॲम्बलसाइड, ग्रासमियर वाटेत दिसतात, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर मुलांना आणखी काही नको. यूथ हॉस्टेलमध्ये कुटुंबासाठी वेगळी खोली मिळते आणि सामाईक स्वयंपाकघर असतं. आम्ही छोटा कुकर बरोबर नेतो. खिचडीची शिट्टी झाली की हॉस्टेलमधली इतर मंडळी बघायला येतात. एका स्कॉटिश आजीबाईंना आम्ही वाटीभर दिली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या मुलांसाठी शॉर्टब्रेड आणून ठेवलं.

कॅटबेल्सचा डोंगर ४५१ मीटरचा. ९ वर्षांचा मुलगा आरामात चढेल, ५ वर्षांच्या मुलीला शेवटच्या खडकाळ टप्प्यात हात द्यावा लागेल. डरवेंटवॉटरच्या लाँचने हॉज एंडला उतरायचं आणि तिथून चढायला सुरुवात. मार्चअखेरीस खाली डॅफोडिल्स असतात आणि कुरणात नुकती जन्मलेली कोकरं. कोकरू पहिल्यांदा उभं राहायचा प्रयत्न करतं, पाय फाकतात, पडतं, परत उठतं. माझी मुलगी कुंपणाला धरून अर्धा तास बघत होती, पावसात. हलायला तयार नव्हती.

काही गोष्टी मात्र सांभाळा. ईस्टर संडेला २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं इंग्लंडमध्ये कायद्यानेच बंद असतात. आम्हाला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. शनिवारी रात्री पोचलो, रविवारी सकाळी दूध-ब्रेड आणायला सुपरमार्केटच्या दारात उभे, दार बंद. छोटी दुकानं उघडी असतात, पण मुलाला लागणारं विनालॅक्टोजचं दूध तिथे नव्हतं. शनिवारीच भरून ठेवा. दुसरं, ईस्टरच्या चार दिवसांत रेल्वेची मोठी कामं काढतात, तेव्हा गुड फ्रायडेला निघण्याऐवजी त्यानंतरच्या मंगळवारी-बुधवारी निघा. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत. दोन-तीन प्रवासांत कार्डाचे पैसे वसूल होतात.

पाडव्याचा योग मला मान्य आहे. पण कधीतरी हेही करा.

धुकं_आणि_चहा

कॅटबेल्स यांना अनुमोदन. नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या बागांमध्ये ईस्टरला अंडी शोधायचे खेळ असतात, सदस्यत्व असेल तर प्रवेशाचे पैसे वाचतात. मुलं दिवसभर रमतात.

आइंडहोवनकर

नेदरलँड्समधून लिहितोय. आमच्याकडे ईस्टरला दोन आठवडे सुट्टी मिळतच नाही, फक्त सोमवार. मोठी सुट्टी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला. त्यामुळे आम्ही भारतात जातो तेव्हा हापूस भरात असतो आणि भावंडांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात. त्याबाबतीत आम्ही भाग्यवान.

युरोपात यायचं असेल तर एवढंच सांगतो, की ईस्टर लवकर असेल त्या वर्षी ट्यूलिपसाठी धावत येऊ नका. कोयकेनहोफ ही इथली मोठी फुलबाग मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात उघडते, पण तेव्हा शेतांमध्ये क्रोकस, डॅफोडिल, हायसिंथ. ट्यूलिपची शेतं रंगतात ती साधारण एप्रिलच्या मध्यावर. ग्रीसचं बघत असाल तर तिथला ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२७ मध्ये २ मेला आहे. मार्चअखेरीस अथेन्स निवांत मिळेल, पण बेटांवरची बरीच हॉटेलं उघडलेली नसतात.

निळी_बॅग

कागदपत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मी लिहिते, कारण आमची एक अख्खी सहल कागदांपायी गेली.

मुलांचा ब्रिटिश पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा, त्यामुळे आपल्या डोक्यात दहा बसलेले असतात. आमच्या धाकट्याचा पासपोर्ट त्याच्या जन्मानंतर तीन महिन्यांनी काढला होता. पाचव्या वाढदिवसाच्या ईस्टरला भारतात जायचं ठरलं. तिकिटं काढली, बॅगा भरल्या, भावाच्या मुलांसाठी चॉकलेटं आणली. निघायच्या चार दिवस आधी ऑनलाइन चेक-इनची माहिती भरताना मी पासपोर्ट उघडला. मुदत जेमतेम आठ आठवडे उरली होती आणि भारतात जाताना सहा महिने शिल्लक लागतात. चार दिवसांत नवीन मिळणं शक्य नव्हतं. आई तिकडे सगळ्यांना सांगून बसली होती. तिला फोनवर सांगताना माझा आवाज फुटेना, शेवटी नवऱ्याने सांगितलं. तेव्हापासून कुठल्याही सहलीची पहिली पायरी म्हणजे चारही पासपोर्ट टेबलावर मांडायचे आणि तारखा मोठ्याने वाचायच्या. कंदीपेढा, तुझी मुलगी पाच वर्षांची आहे. आजच बघ.

मुलांचं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड असेल, तर नवीन पासपोर्ट आला की ओसीआयच्या संकेतस्थळावर त्याची प्रत आणि मुलाचा नवा फोटो चढवायचा असतो, तीन महिन्यांच्या आत. वीस वर्षांपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टला हे करायचं. पैसे लागत नाहीत. ओसीआय नसेल तर ई-टुरिस्ट व्हिसा, पण तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं बरीच आहेत.

युरोपात जाणार असाल आणि तुमच्यापैकी कुणाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ईस्टरसाठी अपॉइंटमेंट मिळणं फार अवघड जातं, कारण सगळ्यांची सुट्टी एकच. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी युरोपच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या नोंदणीत पहिल्यांदा फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. डोव्हर बंदरातून किंवा लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून जाणार असाल तर हे इथेच, निघण्याआधी होतं, तेव्हा वेळ हातात ठेवा.

आणि आई एकटी मुलांना घेऊन जाणार असेल आणि तिने माहेरचं आडनाव ठेवलं असेल, तर मुलांचा मोठा जन्मदाखला जवळ ठेवा. छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात. बरोबर वडिलांचं संमतीपत्र. मला परत येताना हीथ्रोवर विचारलं होतं. दाखला होता म्हणून दोन मिनिटांत सुटले.

कंदीपेढा

निळी_बॅग, वाचून उठले आणि पासपोर्ट काढले. मुलीच्या पासपोर्टची मुदत फेब्रुवारी २०२७ला संपते. सुट्टीच्या एक महिना आधी. मला खरंच कल्पना नव्हती. आजच अर्ज करतेय. तुमच्या त्या न झालेल्या सहलीमुळे आमची वाचली, एवढंच म्हणू शकते.

वसईची_वाट

मी हा धागा वेगळ्या कारणाने वाचतोय. तुम्हा सगळ्यांसाठी ईस्टर म्हणजे शाळेची सुट्टी, आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा सण. मूळ गाव वसई, आता लीड्सला.

आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ भस्म बुधवारपासून सुरू होतो. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारपासून पवित्र आठवडा. माझी फार इच्छा असते, की मुलांनी तो आठवडा एकदा तरी गावच्या चर्चमध्ये अनुभवावा. पण इथली शाळा बहुतेक वेळा पवित्र गुरुवारपर्यंत चालू असते. मी तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आम्ही गुड फ्रायडेला दुपारी मुंबईत उतरलो आणि धावतपळत क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना गाठली.

शनिवारच्या रात्रीचं मात्र सांगायलाच हवं. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून एक मोठी मेणबत्ती पेटवतात, तिच्यावरून दुसरी, तिच्यावरून तिसरी, आणि बघता बघता आख्खं देऊळ उजळतं. आमच्या घरी चर्चला देऊळच म्हणतात. मुलाच्या हातात मेणबत्ती होती, शेजारी माझी आई तिच्या लाल लुगड्यात. मेण त्याच्या बोटावर गळलं, तरी त्याने मेणबत्ती सोडली नाही. मराठीतलं गाणं सगळे एका सुरात म्हणत होते आणि त्याला शब्द येत नव्हते. त्याने मला विचारलं, पप्पा, हे गाणं आपलंच आहे ना, मग मला का येत नाही? परत आल्यावर आम्ही दर रविवारी एक गाणं शिकायला लागलो. अकरा झाली आहेत.

कंदीपेढा, तुमचा सण सुट्टीत पडतोय. जा.

आजोळ_कराड

मी धाग्यावर क्वचित लिहिते, वाचते रोज. माझं वय ७१. मुलगा-सून बर्मिंगहॅमला असतात. मी ज्या घरात मुलं येतात त्या घरातून लिहितेय, म्हणून चार गोष्टी सांगते. कंदीपेढा, तू मला सुनेसारखीच.

आमची मंडळी पूर्वी यायची तेव्हा चौदा दिवसांत महाबळेश्वर, गोवा, शिर्डी, मुंबईची दोन लग्नं. मी येण्याआधी आठ दिवस घर आवरायची, आणि त्यांच्या चपला माझ्या दारात मोजून तीन दिवस दिसायच्या. मी बोलले नाही कधी. २०२५च्या ईस्टरला आले तेव्हा मुलगाच म्हणाला, आई, या वेळी कुठे जायचं नाही.

अगं, तेव्हा काय काय झालं सांगू? चैत्राचे दिवस म्हणजे वाळवणाचे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातले होते. वाटून, गाळून चीक काढला, शिजवायला ठेवला. नात शेजारी उभी. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर साखर आणि तूप घालून दिलं, तर म्हणाली, आजी, हे रोज का करत नाहीस? मग सोऱ्या फिरवायला बसली. तिच्या हाताला जोर नाही, म्हणून नातू आणि ती दोघं मिळून एक दांडा फिरवत होते. गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घातल्या आणि कावळे हाकायचं काम दोघांना दिलं. सकाळी आठ ते अकरा काठी घेऊन बसले. परत जाताना नातीने तिची स्वतःची कुरडई वेगळ्या डब्यात बांधून नेली. ती त्यांनी तळली नाहीये, कपाटात ठेवली आहे म्हणे.

उन्हाचं म्हणशील तर वाई आणि कराड काही नागपूर नव्हे. पण बारा ते चार बाहेर काढायचं नाही म्हणजे नाही. पहाटे सहाला घाटावर जा, अकराच्या आत घरात. दुपारी पन्हं, ताक, आणि फरशीवर नुसती सतरंजी टाकून झोप. लंडनच्या मुलांना पहिले दोन दिवस जड जातात, मग सवय होते. पाणी उकळलेलंच दे.

भावंडांच्या शाळेचं मी सांगते. तेव्हा सकाळची शाळा असते. मुलं दुपारच्या आत घरी. परीक्षा आमच्याकडे आता एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढे असतात, त्यामुळे अभ्यास असतो, पण संध्याकाळी चार नंतर कोण अभ्यास करतंय? आणि आमच्या नातीला मी दोन दिवस भाच्याच्या मुलीबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवलं. मुख्याध्यापक बाईंना आधी जाऊन विचारलं, त्या आनंदाने हो म्हणाल्या. तिथे तिला पाढे म्हणताना ऐकायला मिळालं. सगळा वर्ग एका सुरात. ती घरी येऊन जेवताना सात साते एकोणपन्नास म्हणत होती.

टेम्सकाठ

आजी, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. आमचंही या वर्षीचं गोव्याचं बुकिंग रद्द करतोय. सासूबाई सोलापूरला आहेत. तिथलं ऊन बघून मी नेहमी टाळत आले. पण पहाटे सहा ते दहा एवढा वेळ तर मिळेलच.

उड्डाणपूल

तिकिटांचा अनुभव लिहितो. गेली सात वर्षं शाळेच्या सुट्टीतच प्रवास करतोय, त्यामुळे थोडा अभ्यास झाला आहे.

विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी तिकिटं उघडतात. शाळेच्या सुट्टीतली भाडी वाट बघून उतरतील ही आशा ठेवू नका. माझ्या अनुभवात ती चढतच गेली आहेत. सगळ्यात महाग दिवस म्हणजे शाळा सुटल्यावरचा शुक्रवार-शनिवार आणि परतीचा शेवटचा शनिवार-रविवार. तुमच्या बाबतीत गुरुवारी २५ तारखेला रात्रीचं विमान बघा. रेडिंगहून हीथ्रोला थेट बस आहे, तेव्हा साडेतीनला शाळा सुटली तरी रात्रीचं विमान निवांत मिळतं. ते न जमलं तर शुक्रवार-शनिवार सोडून थेट रविवारी २८ला, ईस्टरच्या दिवशीच निघा. मात्र त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे जातात, सकाळचं विमान असेल तर गजर नीट लावा. त्या दिवसापासून भारताशी फरक साडेपाचऐवजी साडेचार तासांचा.

परतताना शुक्रवारी ९ एप्रिलला निघा. शनिवार-रविवार मुलांना झोपेसाठी मिळतो. आम्ही एकदा रविवारी रात्री उतरलो आणि सोमवारी मुलगा वर्गात बाकावर डोकं टेकवून झोपला. शिक्षिका समजूतदार होत्या, पण पुन्हा तसं करणार नाही.

सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत इथला हवाई प्रवासकर लागत नाही. तिकीट काढताना मुलांची वयं बरोबर भरली आहेत ना, ते बघा. बहुतेक कंपन्यांत बारा पूर्ण झाले की भाडं मोठ्यांचं. तुमचा मुलगा नऊचा, म्हणजे अजून तीन वर्षं थोडी सवलत आहे.

रजेचा हिशेबही करून ठेवतो. २६ मार्च ते ११ एप्रिल हे १७ दिवस. त्यात गुड फ्रायडे २६ला आणि ईस्टर मंडे २९ला, हे दोन्ही सरकारी सुट्टीचे. मधले कामाचे दिवस नऊच उरतात. ज्यांच्या ऑफिसात रजेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यांच्या दोन रजा जुन्या वर्षातून जातील आणि सात नव्या वर्षातून. नऊ रजांत सतरा दिवस वर्षात दुसऱ्या कुठल्या वेळी सहजी मिळत नाहीत.

चैत्रपालवी

उड्डाणपूल, नऊ रजांचं गणित फार कामाचं. कंदीपेढा, डॉक्टरांकडे प्रवासाच्या लशींचंही सहा-आठ आठवडे आधी विचारून ठेव. भारतासाठी टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए इथे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आणि हापूसची फार आशा मुलांना दाखवू नकोस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेटी बाजारात येते, पण भाव चढे असतात आणि खरा भर पुढे. कैऱ्या मात्र भरपूर.

कॅटबेल्स

इतके प्रतिसाद वाचून मीही विचारात पडलोय. माझे आईवडील नाहीत आता, म्हणून कदाचित मी तिकडे जाण्याचं टाळत असेन. पण मावशी आहे सांगलीला, एकटी. २०२७च्या तारखा मीही बघतोय.

कंदीपेढा

मंडळी, ठरलं. काल रात्री आम्ही दोघं बसलो आणि तिकिटं काढली. २५ मार्चला रात्री निघायचं, ९ एप्रिलला परत. मुलीच्या पासपोर्टचा अर्ज गेला आहे. लेक डिस्ट्रिक्ट नवऱ्याने मेच्या एका आठवड्याच्या सुट्टीसाठी लिहून ठेवलं आहे, कॅटबेल्स, तेव्हा तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय, ५५५ बससकट.

पहिले चार दिवस कुठेच जायचं नाही. त्यानंतर मेणवलीचा घाट आणि ढोल्या गणपती, दोन्ही पहाटेच. बाकी सगळे दिवस घरी. सासूबाई नाहीत, त्यामुळे वाळवण घरी होत नाही, पण शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, पोरांना पाठव, माझ्याकडे गच्चीही आहे आणि कावळेही आहेत.

सासऱ्यांना सांगितलं, पाडव्याला आम्ही तिथे असू. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पाटीवर सरस्वती काढायला छोटीला मी शिकवीन, दुकानातून दगडी पाटी आणून ठेवतो. पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला, की गुढीच्या वेळूचं काय करायचं? गेली सहा वर्षं ते एकटे असतात, तेव्हा दारात छोटीशी तयार गुढी लावतात. आता मोठी उभारायची म्हणतात. वेळू वाईत कुठे चांगला मिळतो, कुणाला माहीत आहे का?

आजोळ_कराड

बाजाराच्या दिवशी बुरुडाकडे सांग, पाडव्याच्या दोन दिवस आधी. सरळ, पेराला चीर नसलेला बघून घ्यायचा आणि आदल्या रात्री धुऊन ठेवायचा. कडुनिंब आणि आंब्याचे टाळे सकाळी ताजेच तोडा. साखरेच्या गाठी मी पाठवते, कराडहून वाईला माझ्या पुतण्याच्या येण्या-जाण्यात पोचतील. दोन मुलांना दोन वेगळ्या लागतील ना?